आवडलेल्या अकूस्टिक संगीतातली जागा दुसऱ्याला कशी दाखवावी

प्रश्नाचा आशय असा: एखाददुसरे वाद्य आणि फार तर जोडीला एक आवाज, एवढ्यावर उभे असलेले अकूस्टिक संगीत मला अतिशय प्रिय आहे. मात्र ओळखीच्यांना ते पाठवले की ‘छान आहे’ एवढे उत्तर येते आणि विषय संपतो. नाहीतर ‘याला अकूस्टिक म्हणायचेच कशाला’ असा वाद सुरू होतो आणि संगीत बाजूला राहते. काय निवडावे, कसे ऐकवावे आणि त्याबद्दल बोलावे कसे?

मी सत्तावीस वर्षे गिटार वाजवत आलो आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ इतरांची वाद्ये ध्वनिमुद्रित करण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर एका वाक्यात देता येते: गाणे पाठवू नका, त्यातली जागा पाठवा. जागा हा शब्द मी जाणत्या श्रोत्यांच्या अर्थानेच वापरतो आहे. ‘काय जागा घेतली!’ असे म्हणताना श्रोता संपूर्ण रचनेची स्तुती करत नसतो, दोन-तीन सेकंदांत घडलेल्या एका गोष्टीकडे तो बोट दाखवत असतो. पाच मिनिटांच्या रचनेवर दुसऱ्याला ‘छान’ याखेरीज काय म्हणता येणार? बोट एका ठिकाणी ठेवले, तर मात्र त्याला होकार देता येतो, नकार देता येतो, आणि ‘मला तर त्याच्या पुढचेच जास्त आवडले’ असेही म्हणता येते. चर्चा तिथून सुरू होते.

अकूस्टिक संगीताच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण ते लक्ष वेधून घेण्यासाठी फारसे काही करत नाही. ढोल-ताशासारखा ठोका नाही, आवाजाची भिंत नाही, दर चार मात्रांनी नवे काही घडत नाही. ऐकणारा दुसऱ्या कामात असेल, तर असे संगीत निमूटपणे पार्श्वभूमीला जाऊन बसते आणि त्याच्या मनात एवढेच उरते की काहीतरी शांत वाजत होते. तुमच्या मित्राचे ‘छान आहे’ हे उत्तर खोटे नाही. त्याला जेवढे ऐकू आले तेवढ्याचे ते प्रामाणिक उत्तर आहे.

आधी व्याख्येचा वाद मिटवू, कारण तो मिटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘अकूस्टिक गिटार’ हे नाव वाद्याहून खूप धाकटे आहे. विजेवर चालणारी गिटार 1930च्या दशकाच्या आरंभी बाजारात आली. तोपर्यंत गिटारला नुसते गिटारच म्हणत असत, कारण तिला वेगळे ओळखण्याची गरज नव्हती. पुढे 1989 मध्ये सुरू झालेल्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या कार्यक्रमाने ‘वायर काढली म्हणजे अकूस्टिक’ अशी समजूत घराघरांत नेली. गंमत अशी की याच मालिकेतील सर्वांत गाजलेल्या मैफलींपैकी एका मैफलीत, म्हणजे निर्वाणा या वाद्यवृंदाच्या नोव्हेंबर 1993 मधील न्यूयॉर्क येथील ध्वनिमुद्रणात, त्याचा गायक कर्ट कोबेन याची अकूस्टिक गिटार पिकअपमधून (तारेची थरथर विजेत उतरवणाऱ्या साधनातून) अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली होती, आणि तो अ‍ॅम्प्लिफायर प्रेक्षकांना दिसू नये म्हणून त्यापुढे खोटी पेटी उभी केली होती. वायर शोधत बसलो तर ती मैफल बाद करावी लागेल. तसे कोणी करत नाही आणि करूही नये.

माझी कसोटी वेगळी आहे. स्वराचा लहानमोठेपणा आणि त्याचा पोत कुठे ठरतो, हे मी पाहतो. तार स्वतः फार थोडा आवाज करते. ती इतकी बारीक असते की हवा कापत जाते, ढकलत नाही. तारेची थरथर घोडीवाटे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवाटे, गिटारच्या वरच्या लाकडी पाटीत उतरते, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची ती पाटी थरथरते, आणि पेटीतली हवा तिला घुमारा देते. स्टीलच्या सहा तारांचा मिळून सुमारे सत्तर किलोचा ताण ही पातळ पाटी दिवसरात्र पेलत असते. तिला आणखी जाड केले तर ती बळकट होईल आणि मुकी होईल. या साऱ्या व्यवहारात बाहेरून शक्ती येत नाही. बोटाने दिले तेवढेच वाद्य परत देते, थोडे स्वतःचे मिसळून. ज्या संगीतात हाताच्या या देण्याघेण्यातून स्वराचे रूप ठरते, ते माझ्या दृष्टीने अकूस्टिक. मग ते सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत नेण्यासाठी माइक आणि स्पीकर वापरले असले तरी हरकत नाही. कोणी ‘हे अकूस्टिक कसे’ असे विचारले तर हा एक परिच्छेद सांगावा आणि ऐकण्याकडे वळावे. सरहद्दीवरची उदाहरणे नेहमीच निघतील आणि त्यांवर रात्र घालवण्यात मौज असते हे मलाही मान्य आहे, पण ती मौज वेगळी.

आता ऐकवण्याचा प्रश्न. इथे बहुतेकांची चूक होते आणि माझीही अनेकदा झाली आहे. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याला मी एकट्या गिटारवरची एक संथ रचना पाठवली. तिच्यात अंगठा खालच्या तारांवर एक स्वतंत्र चाल चालवतो आणि वरची बोटे जणू त्या चालीला उत्तरे देतात. माझा जीव त्या अंगठ्यात होता. उत्तर आले, ‘चांगली आहे, पण जरा किरकिरी वाटली.’ मी मनातून चिडलो. आठवडाभराने त्याच्याकडे गेलो असता त्याने ती मोबाइलच्या स्पीकरवरून लावली, आणि मला माझाच अंगठा सापडेना.

कारण साधे आहे. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे 82 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांनी, वाजते, तिच्या शेजारची 110 हर्ट्झला. मोबाइलचा इवलासा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली झपाट्याने दुबळा होत जातो. म्हणजे खर्जातल्या या स्वरांचे मूळ कंपन तो जवळजवळ देतच नाही. देतो ते त्यांचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक उंच स्वर. आपला मेंदू इतका हुशार आहे की उपस्वरांच्या अंतरांवरून तो मूळ स्वराचा अंदाज बांधतो, त्यामुळे चाल कळते, स्वर ओळखू येतो, काही हरवले आहे असे वाटतही नाही. हरवतो तो स्वराचा देह. उरते ती वरची टणटण आणि बोटे घासल्याची खरखर, आणि यालाच माझा सहकारी किरकिरी म्हणत होता. त्याचा कान अगदी बरोबर होता. मी त्याला माझे हेडफोन दिले आणि म्हटले, वरचे सगळे विसर, एक मिनिटभर फक्त अंगठ्याच्या मागे चाल. मिनिट संपण्याआधीच त्याच्या पायाने ठेका धरला होता.

म्हणून संगीताबरोबर ‘हेडफोन लावून ऐक’ एवढे तीन शब्द लिहिणे हा आगाऊपणा नव्हे. त्याच्या जोडीला आवाजाच्या पातळीचाही विचार करावा. आपला कान सर्व स्वरांना सारखे वागवत नाही. आवाज जसजसा हळू होतो तसतसा खर्ज आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये मोजून दाखवले होते. एकटी गिटार खोलीत तुमच्यासमोर वाजली असती तर जेवढी मोठी वाटली असती, साधारण तेवढ्यावर आवाज ठेवावा. अगदी हळू ठेवली तर तिची पेटी गायब होते. फार मोठी ठेवली तर एका खोलीएवढे वाद्य तयार होते आणि जवळीक जाते.

पुढचा प्रश्न असा की जागा शोधायची कुठे. चालीतल्या आणि शब्दांतल्या जागा तुम्हाला आपोआप सापडतील, त्यासाठी माझी गरज नाही. मला सांगायचे आहे ते हाताच्या जागांबद्दल, कारण अकूस्टिक वाद्याचा खरा खजिना तिथे आहे आणि नवख्या श्रोत्याला तो कोणी दाखवलेला नसतो.

सर्वांत सोपी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उजवा हात घोडीपासून किती दूर आहे. अभिजात गिटारची तार साधारण 650 मिलिमीटर लांब असते. मोकळी तार बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या पडद्यावर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा असे सम क्रमांकाचे उपस्वर जवळजवळ उमटतच नाहीत, कारण त्या उपस्वरांचा स्थिर बिंदू नेमका तिथे असतो आणि जिथे तार हलायलाच नको तिथे आपण तिला ओढत असतो. स्वर गोल, पोकळ, थोडासा बासरीकडे झुकणारा येतो. तीच तार, तोच स्वर, घोडीपासून दोन बोटांच्या अंतरावर छेडला की वरच्या उपस्वरांची गर्दी होते आणि तो टणक, धातूसारखा, काहीसा नाकातला ऐकू येतो. चांगला वादक एकच ओळ दोनदा वाजवताना पहिल्यांदा हात मध्याकडे ठेवतो आणि दुसऱ्यांदा घोडीकडे सरकवतो. स्वर एकही बदललेला नसतो, तरी दुसरी ओळ पहिलीला टोमणा मारल्यासारखी वाटते. हाताशी गिटार असेल तर हे स्वतः करून पाहावे, अर्धे मिनिट पुरते. ज्याने हे एकदा ऐकले त्याला पुढे प्रत्येक ध्वनिमुद्रिकेत हात सरकताना ऐकू येतो, आणि ज्याला ते ऐकू येते त्याच्याशी तासभर बोलता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे तारेला स्पर्श कशाचा झाला. बोटाचे मांस, नख आणि नखी (तार छेडण्याची छोटी चकती) या तिघांचा आरंभ वेगळा ऐकू येतो. मांसाने स्वर किंचित उशिरा फुटल्यासारखा वाटतो, नखाने त्याला कड येते, आणि नखीने स्वराच्या आधी एक सूक्ष्म टिचकी वाजते. तिसरी गोष्ट स्वराची आस. छेडल्यानंतर स्वर किती वेळ रेंगाळतो आणि वादक त्याला रेंगाळू देतो की तळव्याने मारतो, हे ऐकावे. संथ रचनांत खरे काम दोन स्वरांच्या मधे चालते. पुष्कळांना संथ रचना कंटाळवाणी वाटते ती ते फक्त स्वरांचे आरंभ ऐकत असतात आणि शेवट सोडून देतात म्हणून. तारा जुन्या असतील तर वरचे उपस्वर लवकर विझतात आणि आस गढूळ होते. काही वादकांना मुद्दाम तेच हवे असते.

बोटे सरकतानाच्या चिवचिवाटाविषयी माझे मत अनेकांना पटत नाही. गुंडाळीच्या, म्हणजे बारीक धातूची तार गुंडाळलेल्या, जाड तारांवरून बोट घसरले की तो आवाज येतो, आणि ध्वनिमुद्रण करताना तो काढून टाकण्याचा आग्रह मला कायम होतो. मी थोडा कमी करतो, संपूर्ण काढत नाही. तो काढला की डावा हात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडत गेल्यासारखा वाटतो. मात्र ज्याला तो आवाज खरोखरच बोचतो त्याला ‘यातच तर मजा आहे’ असे ऐकवण्यात अर्थ नसतो. त्याला नायलॉनच्या वरच्या तीन तारांवरची रचना द्यावी. त्या गुळगुळीत असतात, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

तारा कशा लावल्या आहेत ही जागा थोडी आडबाजूची आहे, पण एकदा कळली की मोठे दालन उघडते. नेहमीच्या लावणीऐवजी डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावणी ब्रिटिश वादक डेव्ही ग्रॅहम याने 1960च्या दशकाच्या आरंभी रुजवली. तिच्या मोकळ्या तारांत तिसरा स्वर, म्हणजे गंधार, नाही; त्यामुळे सहा तारा एकत्र छेडल्या तर ते कोमल वळणाचे की शुद्ध वळणाचे हे ठरत नाही, आणि खाली तंबोरा लावून ठेवल्यासारखा आधार मिळतो. कॅनडाची गायिका जोनी मिचेल हिला नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात दुबळा राहिला, आणि अवघड पकडी टाळण्यासाठी तिने तारांच्या लावण्याच बदलायला सुरुवात केली; तिच्या अशा लावण्या पन्नासच्या आसपास मोजल्या जातात. हे मित्राला सांगितले की तो ‘ही कॉर्ड ओळखीची का वाटत नाही’ हा प्रश्न स्वतःच विचारू लागतो.

खोलीविषयी थोडक्यात. माइक सहसा पेटीच्या भोकासमोर लावत नाहीत, कारण तिथे पेटीतल्या हवेचा घुमारा, साधारण शंभर हर्ट्झच्या आसपासचा, सगळ्यावर कुरघोडी करतो. मान आणि पेटी जिथे जुळतात तिथे वीस-तीस सेंटिमीटरवरून सुरुवात करतात. माइक जितका मागे न्यावा तितकी खोली ऐकू येते. एखादे ध्वनिमुद्रण कानाशी कुजबुजल्यासारखे वाटते आणि दुसरे देवळाच्या सभामंडपात घडल्यासारखे, यामागे बहुधा हे अंतर असते.

निवडीबाबत माझा आग्रह एवढाच की स्वतःचे सर्वांत आवडते पहिल्यांदा पाठवू नये. ते नाकारले गेले तर आपल्यालाच नाकारल्यासारखे वाटते आणि मग आपण समोरच्याचा कान तपासायला लागतो. शिवाय आपले आवडते संगीत बहुधा आपल्या विसाव्या किंवा पन्नासाव्या पायरीवरचे असते. मित्र पहिल्या पायरीवर उभा असतो. तो आधीपासून काय ऐकतो हे विचारावे आणि तिथून एकच पाऊल पुढचे द्यावे.

ज्याचा जीव शब्दांत आहे त्याला इंग्रज गायक-गिटारवादक निक ड्रेकची 1972 ची ‘पिंक मून’ ही ध्वनिमुद्रिका मी देतो. ती जेमतेम अठ्ठावीस मिनिटांची आहे आणि शीर्षकगीतातल्या पियानोच्या काही स्वरांखेरीज तिच्यात आवाज आणि गिटार याशिवाय काही नाही. ध्वनिमुद्रक जॉन वुड याच्यासोबत ती दोन रात्रींत मुद्रित झाली. तिथे दाखवायची जागा अशी की गाणाऱ्याचा आवाज जवळजवळ दबलेला राहतो आणि ठाम बोलण्याचे काम गिटार करते. ड्रेकच्या हयातीत ही ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. तो 1974 मध्ये गेला, आणि शीर्षकगीत एका मोटारीच्या जाहिरातीत वाजल्यावर, जवळपास पंचवीस वर्षांनी, लोकांनी ती शोधून ऐकली. त्या जाहिरातीने तरी काय केले होते? पूर्ण ध्वनिमुद्रिका नव्हे, तिचा एक मिनिटाचा तुकडा रात्रीच्या रस्त्यावर ऐकवला होता.

ज्याला वाद्याचे कौतुक आहे त्याला मालीचा तुमानी दियाबाते याची 1988 मध्ये प्रकाशित झालेली ‘काइरा’ द्यावी. कोरा हे एकवीस तारांचे, भोपळ्यावर कातडे ताणून केलेले वाद्य आहे. वादक दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी एवढ्याच चार बोटांनी ते वाजवतो. खर्जाची चाल, मधली साथ आणि वरची नक्षी एकाच वेळी ऐकू येते, आणि त्या ध्वनिमुद्रिकेत एकावर एक थर चढवलेले नाहीत; जे ऐकू येते ते एका माणसाने एका बैठकीत वाजवलेले आहे. मी हे आधी सांगत नाही. आधी ऐकवतो, मग विचारतो, किती जण वाजवत आहेत. ‘तिघे’ असे उत्तर आले की माझे काम झालेले असते.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, ज्याच्या कानात बसली आहे त्याच्यासाठी विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांची 1993 मध्ये प्रकाशित झालेली ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ यापेक्षा सोयीची वाट मला माहीत नाही. दोघेही तारेवरून नळी वा दांडी सरकवत वाजवतात, म्हणजे दोघांचेही स्वर पडद्यांत अडकलेले नाहीत. दोघे नुकतेच भेटलेले होते आणि हे ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातील एका प्रार्थनामंदिरात झाले. तिथल्या भिंती पाठीमागे सतत ऐकू येतात. भट्ट यांच्या मोहनवीणेला तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या, तारा आहेत, कूडरच्या गिटारला नाहीत. भट्ट थांबले की त्यांच्या मागे एक हलकी गुंज शिल्लक राहते. कूडर थांबला की नुसती खोली उरते. ही जागा दाखवल्यावर दोन वाद्ये गोंधळून ऐकणाऱ्या माणसाला ती क्षणात वेगळी करता आलेली मी पाहिली आहेत.

आता बोलण्याविषयी. ‘मधुर’, ‘शांत’, ‘मनाला भिडणारे’ हे शब्द वाईट नाहीत, पण ते ऐकणाऱ्याविषयी सांगतात, ऐकलेल्याविषयी काहीच सांगत नाहीत, त्यामुळे समोरच्याला त्यांवर पुढे काही बोलता येत नाही. त्याऐवजी कारणापर्यंत पोहोचणारा शब्द शोधावा. ‘इथे स्वर पोकळ झाला’ असे म्हटले की हात मध्याकडे सरकला का हे दोघांनाही ऐकून तपासता येते. घुमारा, आस, जवारी, कड, खरखर, टणक, बोथट, दाटी: आपल्या भाषेत यासाठी मुबलक शब्द आहेत आणि ते वादकांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. कुठे तार पडद्याला हलकेच घासत असेल आणि स्वरात तंबोऱ्याच्या जवारीसारखी झिणझिण येत असेल तर तसेच म्हणावे. गिटार बनवणारा त्याला दोष म्हणेल, तंबोरा लावणारा तसे म्हणणार नाही, आणि तुम्हाला चर्चेसाठी एक संध्याकाळ मिळेल.

मतभेद झाला तर आधी पातळी तपासावी. एकाच रचनेच्या दोन ध्वनिमुद्रणांपैकी दुसरे कसे जिवंत आहे, हे मी एकदा एका जाणत्या वादकाला अर्धा तास पटवून देत होतो. त्याने शांतपणे दोन्हींची पातळी मोजली. माझे लाडके ध्वनिमुद्रण एका डेसिबलहून थोडे अधिक मोठे होते. इतका लहान फरक कानाला मोठा वाटत नाही, तो चांगला वाटतो. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही सगळे त्यात फसतात. पातळ्या सारख्या केल्यावर मला पहिलेच अधिक आवडले, हे मी त्याला लगेच सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट, जी क्षुल्लक दिसते आणि नसते. काय पाठवत आहोत हे नीट लिहावे: वादकाचे नाव, मूळ रचना कोणाची, ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षाचे, मैफलीतले की स्टुडिओतले, वाद्य कोणते. एकाच रचनेची दहा रूपे उपलब्ध असतात, आणि दोन माणसे दोन वेगवेगळी रूपे ऐकून एकमेकांशी भांडताना मी पाहिली आहेत. दुसऱ्याच्या रचनेचे रूप असेल तर मूळही जोडावे, पण ते नंतर ऐकायला सांगावे. आधी मूळ ऐकले की दुसरे रूप केवळ तुलनेत ऐकले जाते. फाइलची प्रत पाठवण्यापेक्षा वादकाला ज्यातून काही मिळते असा अधिकृत दुवा पाठवावा, याबाबत माझ्या मनात दुमत नाही. पन्नास रचनांची प्लेलिस्ट तर कोणालाच पाठवू नये; ती भेट वाटत नाही, गृहपाठ वाटतो.

उलट दिशेनेही हे पाळावे लागते. मित्राने त्याचे आवडते पाठवले तर ते दोनदा ऐकल्याशिवाय उत्तर देऊ नये, आणि उत्तरात किमान एका जागेचा उल्लेख असावा, मग ती न आवडलेली का असेना. ‘तिसऱ्या मिनिटाला आवाज आला आणि माझे गिटारवरचे लक्ष उडाले’ हे उत्तर ‘अप्रतिम’ या उत्तरापेक्षा त्याला अधिक आवडेल, कारण तुम्ही खरोखर ऐकले हे त्यातून कळते. काही वेळा काहीच सापडत नाही. तेव्हा ‘मला यात जागा सापडली नाही, तुझी कोणती ते सांग’ असे लिहावे. माझ्या आजच्या आवडीतल्या निदान तीन ध्वनिमुद्रिका मला या प्रश्नाच्या उत्तरातून मिळाल्या आहेत.

तुम्ही नमुना मागितलेला नाही, तरी देतो. वेगाची आवड असलेल्या आणि संथ संगीताला कंटाळणाऱ्या एका मित्राला मी अगदी अलीकडे ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ या ध्वनिमुद्रिकेतील पहिली रचना पाठवली, तेव्हा सोबत एवढेच लिहिले होते: ‘हेडफोन लाव आणि डावा-उजवा नीट पाहून लाव. 5 डिसेंबर 1980 ची मैफल आहे, दोनच गिटार. डाव्या कानात पाको दे लुसिया, तो नुसत्या बोटांनी वाजवतो. उजव्या कानात अल डि मिओला, त्याच्या हातात नखी आहे. वेग दोघांचाही अफाट आहे, त्याकडे दुर्लक्ष कर. एक जण धावत असताना दुसरा साथीला काय करतो ते पहिली तीन मिनिटे ऐक, आणि मला सांग, तुला कोणाची साथ जास्त आवडली?’